दुप्पट वेगाने ऐकलेला जावई

दादा निवृत्त झाला, त्याची घाई मात्र निवृत्त झाली नाही. जन्मभर त्याने बसच्या आगारात गाड्या सोडल्या; एक फाटकाबाहेर गेली की दुसरीला शिट्टी. आता सोडायला गाड्या नाहीत, म्हणून मोबाइल हाती आला. मालिका दीडपट वेगाने, बातम्या त्याहून जोरात आणि कानात घालून ऐकायच्या कथा थेट दुप्पट. त्या कथांच्या ॲपमध्ये 'शांतता वगळा' असंही एक बटण असतं. ते दाबलं की वाचणारा माणूस श्वासापुरता थांबला तरी तेवढी जागा यंत्र कापून टाकतं. दादाने ते पहिल्याच दिवशी दाबलं.

"पैसे भरतो ते शब्दांचे," तो म्हणाला. "गप्प बसलेला माणूस मला फुकटात बघायला मिळतो."

हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी धाकटी बहीण, माझं खिळे-स्क्रूचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक पारखताना गप्प बसायची मला सवय आहे. नफातोटा मलाही कळतो. दादा वेळ वाचवतो, हे खरं. वाचलेल्या वेळाचं काय करतो? आणखी ऐकतो. असा धंदा मी केला असता तर केव्हाच शटर ओढावं लागलं असतं.

नुकसान वहिनीचं होत होतं. भरधाव ऐकून ऐकून दादाला माणसांचं साधं बोलणं रेंगाळल्यासारखं वाटू लागलं. वहिनी "अहो, आमटीत मीठ..." एवढं म्हणेपर्यंत हा "कळलं, कमी आहे," म्हणून चिमूटभर घालून मोकळा. बहुतेकदा ती जास्त पडलंय म्हणून सांगत असायची.

अशा घरात भाचीने, म्हणजे दादाच्या एकुलत्या एक मुलीने, लग्नासाठी माणूस पसंत केला तो असा की एक वाक्य सुरू करून संपवेपर्यंत चहावर साय धरावी. माणूस सोन्यासारखा. पण कुठलाही प्रश्न विचारा, तो आधी तुमच्याकडे बघणार, मग प्रश्नाकडे बघितल्यासारखं छताकडे बघणार, मग बोलणार.

पहिल्या भेटीत दादाने विचारलं, "काम काय करता?"

त्याने कप बशीत ठेवला. बशी टेबलावर ठेवली. छताकडे पाहिलं.

"माझ्याच ऑफिसात असतात, बाबा," भाची घाईने म्हणाली.

"बरं. घर स्वतःचं?"

तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडत होता, ते त्याने मिटलं आणि दुसऱ्याचा विचार सुरू केला. तोवर दादा तिसऱ्यावर गेला होता. असं दोघं एकाच रस्त्यावर मागेपुढे धावत राहिले, गाठ काही पडली नाही. तो गेल्यावर दादाने निकाल दिला.

"सावकाशराव चांगले आहेत. पण पोरीने 'घराला आग लागली' म्हटलं तर हे विचार करून बादली उचलतील तोवर भिंती उरणार नाहीत. नाही जमायचं."

भाची रडली नाही. माझ्या दुकानात येऊन वजनाच्या काट्यापाशी बसली. "बाबा हो म्हणाल्याशिवाय मी लग्न करणार नाही, आत्या. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही."

"पळून जा की."

"ते पळतील असं वाटतं तुला?"

तेही खरंच.

आता गंमत ऐका. भाची काम करते ती कंपनी कानाने ऐकायच्या कथा तयार करते. वाचणाऱ्याचा खोकला, आवंढा, खुर्चीची करकर काढून आवाज साफ करणं हे तिचं काम. आणि तिथे कथा वाचतात ते सावकाशराव. दादा गेले कित्येक दिवस ज्या कथेवर लट्टू होता, ज्या वाचणाऱ्याचं नाव न घेता "काय माणूस आहे!" म्हणून कौतुक करायचा, तो हाच. नाव न घेता अशासाठी, की ते शेवटी सांगतात आणि दादा शेवट वगळून पुढचा भाग लावतो.

"मग सांगून टाक ना!" मी म्हटलं.

"मुळीच नाही. आवाजाच्या वशिल्यावर मला त्यांना घरात आणायचं नाही. बाबांनी समोरचा माणूस बघून हो म्हणावं."

तत्त्व चांगलं होतं, पण तत्त्वावर मंडप उभा राहत नाही. मी वहिनीच्या कानावर घातलं. तिने काही न सांगता दुसऱ्या भेटीचा दिवस ठरवला.

त्या दिवशी दादा खुशीत होता. नुकताच एक भाग ऐकून बसला होता. सावकाशराव खुर्चीत टेकतात न टेकतात तोच म्हणाला, "अहो, तुम्ही कथा ऐकत जा. बोलायला शिकाल. एकजण वाचतो, शब्द कसे लाह्यांसारखे फुटतात! आणि कथा इतकी विनोदी!"

सावकाशरावांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने पायाकडे.

"विनोदी?" ते म्हणाले. एवढं मात्र त्यांना लगेच जमलं.

"तर! एक म्हातारा दीपगृहात दिवा सांभाळतो. मुलगी शहराला निघालीय, होडी लागलीय. ती विचारते, मी गेल्यावर जेवाल ना वेळेवर? आणि हा खट् म्हणतो, कुलूप घेतलंस का? जेवणाला कुलूप! मी पोट धरून हसलो. थांबा, ऐकवतोच."

मोबाइल टेबलावर ठेवून त्याने तो भाग लावला. बारीक, चिरका, धापा टाकणारा आवाज भरभर येऊन गेला. दादा पुन्हा हसला. सावकाशरावांचा चेहरा बघवेना.

"काका," ते म्हणाले, "तो तिथे थांबतो."

"कोण? कुठे?"

"म्हातारा. ती विचारते... तिथे तो थांबतो. ते तुम्हाला ऐकू आलं नाही."

"थांबला असता तर ऐकलं नसतं का मी?"

सावकाशरावांनी मांडीवरचे हात बाजूला घेतले. कुठल्याही आविर्भावाशिवाय, नेहमीच्या संथपणे म्हणाले, "बाबा, मी गेल्यावर जेवाल ना वेळेवर?"

आणि थांबले.

फ्रीजची घरघर ऐकू येऊ लागली. वहिनीचा हात कपाच्या कानापाशी राहिला. दादाने बोलायला ओठ हलवले आणि तसेच ठेवले. सावकाशराव त्याच्याकडे बघत होते, पण बघत होते जणू होडीत चढणाऱ्या मुलीकडे. मग अगदी खाली उतरलेल्या आवाजात ते म्हणाले, "कुलूप घेतलंस का?"

वहिनीने पदर डोळ्यांना लावला. मी खिडकीतून बाहेर काहीतरी बघितलं.

दादाने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग समोरच्या माणसाकडे. "तो... तुम्हीच?"

"हो, बाबा," भाची म्हणाली.

"म्हणजे ती विनोदी नाही?"

"नाही, काका."

"अरे देवा! मी आगारातल्या सगळ्या जुन्या मंडळींना सांगितलं, हसून हसून लोळाल म्हणून. तिकीट खिडकीवाला त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. त्याची मुलगी आत्ताच सासरी गेली."

त्या दिवशी लग्नाचं काही ठरलं नाही. दादा उठून आत गेला. पुढचा आठवडाभर त्याने कथा पहिल्यापासून ऐकली, ते बटण काढून, साध्या वेगाने. लाल नाक घेऊन घरभर हिंडायचा. विचारलं तर सर्दी झालीय म्हणायचा. वहिनीचं मिठाचं वाक्य त्या आठवड्यात शेवटपर्यंत गेलं, हे मी फायद्यात धरते.

मग दादाने स्वतःहून सावकाशरावांना बोलावलं. आम्ही सगळ्याजणी भोवती बसलो. दादाने खुर्ची पुढे ओढली.

"एकच विचारतो. शेवटचा भाग यायचाय. म्हातारा मुलीकडे जातो की नाही?"

सावकाशराव छताकडे बघू लागले. दादाने वाट पाहिली. एक पाय हलत होता, पण पाहिली.

"ते सांगता येणार नाही, काका. कंपनीचा नियम आहे."

"जगाला सांगू नका. मला सांगा."

"कुणालाच नाही."

दादा लेकीकडे वळला. "तुला ठाऊक आहे?"

"आहे."

"मग सांग की!"

"नाही."

दादाने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "वा! घरचा जावई कथा वाचतो आणि सासऱ्याने चार लोकांसारखं ताटकळत बसायचं! मग असल्या जावयाचा उपयोग काय?"

कुणीच काही बोललं नाही. ही शांतता कापायला कुठलं बटणही नव्हतं.

"काय म्हणालात?" वहिनीने हळूच विचारलं.

दादाने आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. कान तापले त्याचे. माघार घ्यायची तर आत्ताच घ्यायला हवी होती, आणि घाईत तो पटाईत. पण लेक त्याच्याकडे बघत होती.

"म्हटलं ते म्हटलं," तो म्हणाला. "तारीख काढा. आणि तो शेवटचा भाग यायच्या आधीची काढा."

"लग्नानंतरही सांगणार नाही, काका," सावकाशराव म्हणाले.

"अहो, तुम्ही नाही सांगणार. पण तुमची बायको सणकी आहे, माझ्यावर गेलीय. भांडणात काहीतरी बोलून जाईल."

भाची हसता हसता उठली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली. सावकाशराव उत्तराचा विचार करत होते. दादा कॅलेंडर उतरवायला उभा राहिला होता, तो तसाच थांबला, काय म्हणतात ते ऐकायला.