सेहेचाळीस नंबरची दाढ

सर तिच्या दवाखान्यातल्या खुर्चीत येऊन बसले तेव्हा त्यांनी तिला ओळखलं नाही, आणि तिनंही तोंडावरचा मास्क मुद्दाम खाली घेतला नाही. अठरा वर्षांनी माणूस हाती लागला होता. उजवा गाल तळहातानं दाबून धरलेला, डोळे तांबारलेले, आवाजातला तोरा मात्र तसाच.

"तपासत बसू नका," ते म्हणाले. "चाळीस वर्षं दातच काढलेत मी. खालची उजवी, सेहेचाळीस नंबर. उपटा आणि मोकळं करा मला."

तिच्या दवाखान्यात एक नियम होता. कुठला दात दुखतोय ते पेशंटनं स्वतःच्या हातानं लिहायचं. तिनं कागद पुढे केला. सरांनी झोकात लिहिलं, "४६. काढणे." खाली लांबलचक सही ठोकली.

हा नियम तिला सरांमुळेच सुचला होता. त्यांच्या दवाखान्यात ते बाहेरच्या खोलीत पेशंट तपासायचे, चिठ्ठीवर दाताचा नंबर लिहायचे आणि आत तिनं चिठ्ठीबरहुकूम दात काढायचा. नवी नोकरी, म्हणून सगळे तिला नवशिकीच म्हणायचे. एकदा समोर बसून बघताना सरांचं डावं-उजवं झालं आणि सेहेचाळीसच्या जागी त्यांनी छत्तीस, म्हणजे खालची डावी, लिहिलं. तिला शंका आली. ती विचारायला बाहेर गेली.

"तपासायला मी बसलोय ना? लिहिलंय ते काढ."

तिनं काढली, आणि धडधाकट दाढ हातात आली. दुखरी जागेवर आहे हे कळल्यावर ती बाई ढसाढसा रडायला लागली. सर आत आले, चिठ्ठी उचलली, चुरगळून एप्रनच्या खिशात टाकली आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "मी सेहेचाळीस लिहिलं होतं. या नवशिकीला आकडे कळत नाहीत." वर त्या बाईची माफी तिलाच मागायला लावली. संध्याकाळच्या आत तिला घरी बसवलं, आणि शहरभर असा बोभाटा केला की दोन वर्षं तिला कुणी दारात उभं केलं नाही. त्या दवाखान्यातून तिनं एकच वस्तू उचलून आणली होती. ती दाढ बाटलीत घालून तिच्या कपाटात होती.

आता तिनं सरांना "आ करा" म्हटलं.

आरशाच्या दांड्यानं तिनं सेहेचाळीसवर टकटक केलं. काही नाही. बर्फासारखा गार बोळा लावला. कळ आली आणि लगेच गेली. दोन दांड्यांमध्ये धरून हलवून पाहिली, तर तसूभर हलेना. दाढ ठणठणीत होती. मग बोळा वरच्या, सोळा नंबरच्या दाढेला लागला. सरांनी खुर्चीचे हात गच्च धरले. अर्धं मिनिट उलटलं तरी कळ थांबेना, आणि मापायची बारीक सळई हिरडीत एकाच जागी खोल गेली. वरची दाढ मुळापर्यंत चिरली होती आणि ठणका खाली उतरत होता. एक्स-रेनंही तेच सांगितलं.

"किती वेळ घालवता?" सर कुरकुरले. "खालची काढा म्हटलं ना. लिहून दिलंय मी."

दिलं होतंच की. सहीनिशी. तिनं खालच्या दाढेचा चिमटा उचलला. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी ट्रे घेऊन शेजारी उभ्या होत्या, त्याही साक्ष देतील. निरोगी दाढ जाईल, ठणका तसाच राहील, आणि उद्या सर गाल धरून परत येतील. तिचा हात सुखावला. अगदी गळ्यापर्यंत गोड वाटलं तिला.

मग तिला वाटलं, एवढ्यावर भागायचं नाही. चुकीची दाढ काढली तर चूक पुन्हा तिच्याच नावावर जाईल, आणि हा माणूस पुन्हा सुटेल.

तिनं चिमटा खाली ठेवला आणि सुई वरच्या हिरडीत दिली. पाच मिनिटांनी विचारलं, "आता?"

"थांबलं," सर म्हणाले. वर बधिर केल्यावर खालचा ठणका थांबला याचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं एक्स-रे समोर धरला. "वाचा."

"सोळा. मुळापर्यंत चीर. वाचायची नाही ही."

"आणि लिहिलंय काय?"

सरांचा हात कागदाकडे गेला. तिनं तो आधीच उचलला होता. "ही चिठ्ठी चुरगळायची नाही," ती म्हणाली आणि मास्क खाली घेतला.

"नवशिकी," सर पुटपुटले.

सोळा नंबर तिनं अलगद काढली. जखमेवर बोळा ठेवला. "अर्धा तास दाबून धरा. बोलायचं नाही." मग त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. सात-आठ माणसं होती. त्यांच्यासमोर उभं राहून तिनं अठरा वर्षांपूर्वीची ती दुपार सांगितली, आकड्यांसकट. आजचा कागदही वाचून दाखवला. सरांनी दोनदा बोळ्याला हात लावला.

"रक्त येईल," ती म्हणाली. "अर्ध्या तासानं बोला. इथेच. नसेल बोलायचं तर दार उघडं आहे, पण हा कागद मी याच भिंतीवर लावणार."

ती स्टूल ओढून समोर बसली. सरांनी दोनदा दाराकडे पाहिलं, पण उठले नाहीत.

घड्याळाचा काटा फिरला. सरांनी बोळा काढला. ओठ अजून बधिर होता, शब्द लोळत आले, पण सगळ्यांना कळले.

"छत्तीस मीच लिहिलं होतं. ही विचारायला आली होती."

अशा वेळी मन द्रवतं, असं तिनं ऐकलं होतं. तिचं काही द्रवलं नाही. तिला फार बरं वाटलं. तिनं आतून छत्तीस नंबरची ती बाटली आणली, तीत सोळा नंबर टाकली आणि सरांच्या हातात दिली.

"घरी न्या," ती म्हणाली. "दोन्ही तुमच्याच आहेत."