सगळे चोर आणि एक बदक

मुलीच्या दप्तरातून डब्याच्या आधी बाहेर आलं ते पिवळं रबरी बदक. बालवाडीतलं.

"हे कुठून आलं गं?" आईनं विचारलं.

"आणलं."

"बाईंना विचारून?"

चार वर्षांच्या बाईसाहेबांनी मोजे ओढून काढले आणि शांतपणे सांगितलं, "सगळे चोर आहेत ना? मग मी पण."

पोर नुसती शिंकली तरी आईला दवाखाना दिसायचा; आता तर थेट तुरुंगच दिसला. हा धडा कुणाचा, ते विचारायलाच नको. धाकटे दीर सध्या नव्या पक्षात होते. चिन्ह चाळणी, घोषणा एकच: 'सगळे चोर! चाळून काढा!' बाहेर ओरडून भागत नाही म्हणून ते न्हाणीघरातही ओरडायचे. खुर्चीला चिकटलेल्या जुन्या मंडळींचा तिलाही वीट आला होता, त्यामुळे घोषणा ऐकायला बरी वाटायची. आजपर्यंत.

संध्याकाळी दीर आल्या आल्या तिनं बदक त्यांच्यापुढे ठेवलं. "भाऊजी, अभिनंदन. तुमच्या पक्षाला नवी कार्यकर्ती मिळाली."

सगळा प्रकार ऐकून ते खो खो हसले. मग वहिनीचा चेहरा पाहून हसू गिळलं. "अगं चिमणे, सगळे म्हणजे ते वरचे. खुर्चीवाले. आपण नाही काही."

"आपण म्हणजे कोण?"

"साधी माणसं. न विचारता कुणाच्या वस्तूला हात न लावणारी."

"मग आईची चाळणी?"

दिरांनी एकदम पंख्याकडे पाहिलं. आई कधीपासून ती चाळणी शोधत होती. पोरीच्या खेळण्यांची टोपलीसुद्धा तिनं दोनदा उपडी केली होती.

"तू काठीला बांधलीस. मला म्हणालास, आईला सांगू नको."

"अगं, ती चळवळीसाठी नेली!"

"मी पण वळवळीसाठीच आणलं."

"आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून," आई म्हणाली. हसू येत होतं, पण तिनं ते दाबलं. "भाऊजी, हे बदक उद्या परत जायला हवं, आणि तिच्या हातानं. माझं ती ऐकायची नाही. तिचे पुढारी तुम्ही."

दीर चपला घालून निघाले ते पक्षाच्या कचेरीतून चाळणी घेऊनच परतले. कडेला पक्षाचा स्टिकर होता. नखानं खरवडूनही निघेना.

"वहिनी, चुकलं. विचारून न्यायला हवी होती."

मुलगी काकाकडे टक लावून पाहत होती. मग तिनं बदक दप्तरात ठेवलं.

सकाळी न्हाणीघरातून आवाज आला, "सगळे..."

"काका!" दारावर चिमुकली थाप पडली.

आत पाणी थांबलं. "बरेचसे चोर! चाळून काढा!" आणि मग केविलवाण्या सुरात, "वहिनी, घोषणेत दम नाही हो राहिला!"

"पीठ मात्र छान चाळलं जातंय," ओट्यापाशी आई म्हणाली.

दप्तरातून बदकाची चोच डोकावत होती. मुलगी न्हाणीघराच्या दाराशी खिळून उभी होती. "लवकर ये ना, काका. मला एकटीला 'चुकलं' म्हणायची भीती वाटते."

कडी वाजली. काका ओल्या केसांनीच बाहेर आले.