तुझं काय जातं?

मस्तगडच्या कल्याणरावांना शेअर बाजारातलं सगळं कळत होतं. फक्त पैसे कुठे गेले, तेवढं कळलं नाही. खताच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं आणि हे मोबाइलवर सौदे करायचे. त्यात दुकान बसलं. ठेच लागली की माणूस शहाणा होतो म्हणतात. कल्याणराव असे शहाणे झाले, की शेअर बुडतो पण जागा कधी बुडत नाही, असं चारचौघांत सांगू लागले. महामार्गालगत फ्लॅटची स्कीम निघाली होती. राहतं घर गहाण टाकायचं, दोन फ्लॅट बुक करायचे, भाव चढला की विकून गेलेलं सगळं भरून काढायचं. याच स्कीमसाठी घर गहाण टाकलेला त्यांचा मित्र भारत आता भाड्याच्या खोलीत राहत होता आणि स्कीमचे नुसते खांब उभे होते. पण भारतला अक्कलच नव्हती, असं कल्याणरावांचं मत.

अडचण एकच होती. घर बायकोच्या, दैवशालाच्या नावावर होतं. तिचा मान म्हणून नव्हे. बाईच्या नावाने खरेदी केली की मुद्रांक शुल्कात सूट मिळते, म्हणून आपल्याकडचे हिशेबी पुरुष बायकोला कागदापुरती मालकीण करतात. फाटकावर पाटी ‘कल्याण निवास’ हीच होती.

रविवारी कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला. दैवशालाने पोहे केले. त्याने कागद पुढे सरकवून, ताई, इथे फक्त सही, म्हणून सांगितलं. तिने पदराला हात पुसत विचारलं, हप्ते थकले तर काय होतं? तो कल्याणरावांकडे बघून हसला. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा, कंपनी घराला कुलूप लावते, असं तो पुटपुटला.

कल्याणराव चिडले. “तुला काय कळतंय त्यातलं? मी काय माझ्यासाठी करून राह्यलो का? सही कर जल्दी. तुझं काय जातं?”

“घर जातं,” दैवशाला म्हणाली. “दुकान घालवलं तवा मी बोलले न्हाई. घर माझ्या नावावर हाय. मी सही करणार न्हाई.”

सासू सगुणाबाईंनी आजवर सुनेची बाजू कधी घेतली नव्हती. आज त्यांनी पाहुण्याची अर्धवट खाल्लेली पोह्यांची बशी उचलून आत नेली.

संध्याकाळी चौकात कल्याणरावांना सगळे हसले, बायकोच्या मुठीत गेला म्हणाले. त्या हसणाऱ्यांपैकी कित्येकांची घरं बायकांच्याच नावावर आहेत, आणि गहाणही आहेत. त्या बायकांना कोणी काही विचारलं नव्हतं, सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं होतं. वाचकहो, तुमच्या घरी कागद वाचून दाखवला होता का?