खळ्यावरची चौथी

केवलराम मास्तर आमच्या टोल्यावर आला तवा त्याच्यापाशी एक ट्रंक, एक छत्री आन् पाठ तुटलेली खुर्ची होती. फळा नव्हता. पाट्या सात, त्यातल्या पाच फुटक्या. तालुक्याच्या जनपद सभेवाल्यायनं शाळा देल्ली होती, पन छप्पर द्यायचं इसरले होते. मंग मीच म्हनलं, "मास्तर, माह्या खळ्यावर बसवा पोरायले. बैलायच्या पायाखाली धान चुरून झालं का खळं रिकामंच रायते. पानसाळ्यात गोठ्यात बसा."

मी बकाराम. कचारगडाच्या अलीकडं आमचा टोला, बारा घरं गोंडाचे आन् एक माहं. टोल्यावर बंडी माह्याचकडं होती, म्हून मास्तरचं सारं आननं-नेनं माह्याच गळ्यात पडलं.

टोल्यावरच्या झाडू गोंडाची पोरगी मंगली दोन वर्सं शाळेत येऊन बसे. एक शबद बोले नाई. घरी गोंडी, शाळेत मराठी. तिच्या डोक्यावरून सारं पाखरावानी उडून जाय. लोक म्हनत, मुकी हाय. एक दिवस मास्तर कंटाळला. चुलीतली राख आनली आन् सारवलेल्या खळ्यावर बंडीएवढा अ काढला. मंगलीले म्हने, "बोलू नको. याच्यावरून चाल."

पोरगी चालली. फिरून वापस आली. अजून चालली. तिसऱ्या खेपेले तोंडातून निंगालं, "अ."

त्या दिवसापासून मास्तरनं पाट्या बांधून ठेवल्या. सारी शाळा पायानं शिकू लागली. पहाडेबी तसेच. सात आठे म्हनलं का मंगली आठ-आठ पावलाचे सात फेरे मारे आन् उभी राहून सांगे, छप्पन. माही बायको धुरपता कुडापाशी उभी राहून हासे. "काहो मास्तर, पोरायले चुरन्यावर जुपलं का? धान तं दिसत नाई!"

"धान डोक्यात हाय, बाई," मास्तर म्हने.

मलेबी माहं नाव तथीच आलं. कोनी नसलं का मी ब वरून चालून पाहो. पन्नाशीचा मानूस, इकडं तिकडं पाहून चालाव लागे.

चौपन साली मंगली चौथीत पोचली. एकटीच. बाकीचे कोनी मोहफुलं येचाले गेले, कोनी ढोरायमांगं. तवाच जनपदाचा कागद आला, का औंदा चौथीत एकतरी पास पायजे, नाई तं शाळा बंद. मास्तरनं मले वाचून दाखवला आन् घडी करून खिशात घातला.

"बकारामजी, गोंदियाले जासान तं दस्ताभर कागद, दौत आन् टाक आनजा. पोरीनं कागदावर कधी लिवलं नाई."

मी गोंदियाले गेलो, बैलाचे घुंगरू आनले, धुरपताले बांगड्या आनल्या. कागद आनला नाई. इसरलो नव्हतो. मास्तरले म्हनलं, "कायले पायजे गा कागद? एवढं मोठं लिवते, तिले लहान येनार नाई का?"

मास्तर हासला. त्यालेबी तसंच वाटून राह्यलं असन. त्या महिन्यात पोरगी अशी चाले का पाहात राहावं.

परीक्षेचं सेंटर सात कोसावर, मोठ्या गावी. फटफटताच बंडी जुपली. पुढं मी, मांगं मास्तर आन् मंगली, तिच्या डोक्याले एवढं तेल का कानावरून वघळून राह्यलं. माहा काऱ्या बैल सात वर्सं खळ्यात मेढीच्या खांबाभवती फिरलेला. सडकेवर आला का डाव्या अंगाले वढे. म्या तुतारीची आर टोचली. "सीधा चाल बे! अथी मेढ नाई!"

मंगली हासली. "मामा, त्याले दिसून राह्यली असन."

"खळ्यात हुशार, सडकेवर येडा," मी म्हनलं. आमी तिघंबी हासलो.

सेंटरात फरशी होती. मास्तरले अंदर जाऊ देल्लं नाई. मी खिडकीपाशी उभा राह्यलो. पोरायले एक-एक कागद भेटला. साहेब म्हने, पह्यले नाव लिवा.

मंगलीनं टाक बुडवला. कागदाच्या एका कोपऱ्यातून सुरू केलं आन् दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वढत गेली. म. एक म, साऱ्या कागदावर. मंग तिनं हात वर केला. कागद पायजे होता. अजून दोन अक्षरं राह्यली होती ना.

"एकच मिळतो," साहेब म्हने. "मागच्या बाजूला लिही."

तिले का समजलं, का मालूम. गनित सांगितलं तवा तिनं कागद बाजूले सारला आन् उभी राह्यली. पोरायच्या दोन रांगायमधून चालू लागली. पावलं मोजून, वठ हालवत.

"ए लडकी! नक्कल करती है? बैठ!"

ती गोंडीत काई तरी बोलली. बाजूची पोरं खिदळली. मास्तर दरवाजातूनच वरडला, "साहेब, तिले चालू द्या! तिचं गनित चालूनच होते!"

साहेब वाईट मानूस नव्हता. हासला. "गुरुजी, ही परीक्षा आहे, जत्रा नाही." त्यानं तिले खांद्याले धरून बसवलं, टाक हातात देल्ला. पोरगी बसली. खाली फरशीवर तिचा आंगठा हालून राह्यला होता. पन बसल्या जागी आंगठा कोठी जाईन?

तवा मले काऱ्या आठोला. मले मालूम होतं का खळ्यातला बैल सडकेले एकदम जुपत नाई, महिनाभर आदत लावाव लागते. बैलाचं मालूम होतं.

वापस येताना अर्ध्या रस्त्यात मंगली म्हने, "मामा, कागद येवढासाच काऊन असते?"

मास्तरनं छत्री उघडली. उनबी नव्हतं, पानीबी नव्हतं.

पानसाळ्याच्या पह्यले शाळा बंद झाली. मास्तरले तिकडं देवरीकडं धाडलं. खुर्ची मले देऊन गेला. मंग मी गोंदियावरून दस्ता आनला आन् झाडूच्या घरी नेऊन देल्ला. झाडूनं कागद हातानं चाचपून पाह्यला. "आता कायले गा?" म्हने, आन् वापस देल्ला. आड्यावर पडला हाय. वाळवी लागली.

त्या पौस महिन्यात मंगली मजुरीनं माह्या खळ्यावर आली, बैलायमांगं. राख कवाच सारवनाखाली गेली होती. दिवसभर काऱ्यामांगं फिरली. दुपारी मी सहज इचारलं, "किती फेरे झाले वो?"

"तीनशे बारा," ती म्हने.

थांबली नाई. काऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आन् तीनशे तेरावा धरला.