सहा नंबरची बाटली

वाइन चाखणं हा माझा धंदा, आणि तो उपाशीपोटीच करावा लागतो. सकाळी दहाला, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत आम्ही पाच परीक्षक बसतो. बाटल्यांवर कापडी पिशव्या, पिशव्यांवर नुसते नंबर. हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा, वीसपैकी गुण लिहायचे. सरासरी चौदा पडली, तर बागवाल्याला लेबलावर आमच्या खोऱ्याचं नाव लावता येतं. नाही पडली, तर त्याची वाइन टँकरमधून कारखान्यात जाते आणि कुणाच्याही वाइनमध्ये मिसळली जाते.

गेल्या वर्षी सहा नंबरचा पेला नाकाशी नेला आणि पुन्हा एकदा हुंगला. आंबट चेरी, मिरी आणि मागून विझलेल्या चुलीचा वास. दादाची! माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची. त्याच्या उतारावरच्या जुन्या वेलींचा तो वास दुसऱ्या कुणाच्या बाटलीत येणंच शक्य नव्हतं.

बाटली ओळखली तर हात वर करून उठून जायचं, असा आमचा नियम आहे. मी बसून राहिलो. बाकीचे चौघे आधीच मला चिडवायचे, "घरची बाटली आली की नाकाला सर्दी होते का हो?" म्हटलं, उठलो तर यांना कळेल ही कुणाची, आणि माझ्याकडे बघून गुण देतील. मग भावाला झुकतं माप नको म्हणून मीच हरिश्चंद्राचा अवतार झालो. "फार तुरट, जीभ खरखरीत होते," असं लिहिलं आणि अकरा दिले. दादाची वाइन सरासरीत अर्ध्या-पाऊण गुणाने हुकली. मी मात्र ताठ मानेने घरी गेलो. गाढव कुठला!

परवा दादाने जेवायला बोलावलं. वहिनीने मटणाचा अख्खा खांदा लसूण लावून चार तास मंद आचेवर भाजला होता. दादाने त्याच वाइनची बाटली आधीच उघडून ठेवली होती.

"आधी घास, मग घोट," तो म्हणाला. "आणि हिच्याबरोबर मासे कधी खाऊ नकोस, लोखंड चाटल्यासारखं लागतं. मटण, नाहीतर भाजलेलं वांगं."

मी घास घेतला, मग घोट. मटणाच्या चरबीने तो तुरटपणा पार विरघळला, चेरी पुढे आली, मिरी जिभेवर रेंगाळली. इतकी वर्षं चाखतोय, पण अशी वाइन हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा प्यायलोय. ही बादलीत थुंकायची चीजच नव्हती. मला लाज वाटली.

"भावजी, गिळलीत चक्क!" वहिनी हसली.

"दादा, यंदा परत पाठव," मी म्हणालो.

"कुठून पाठवू? वेली उपटल्या मागच्या महिन्यात. ही शेवटची पेटी."

"उपटल्या? एकदा हुकली म्हणून?"

"हुकल्याचं नाही रे काही." दादा माझ्या ताटात मटण वाढत होता. "पण तू होतास ना तिथे. लहानपणापासून त्या वेलींत वाढलेला, एवढा नाकवाला. तुलासुद्धा ओळखू आली नाही, नाहीतर उठून गेला असतास. म्हटलं, आता हिच्यात आपलं असं काही उरलेलं नाही. मग कशाला त्या म्हाताऱ्या वेलींना कुरवाळत बसायचं?"

गप्प बसलो असतो तर जेवण सुखाने झालं असतं. पण राहवलं नाही.

"ओळखली होती, दादा. पहिल्याच वासाला."

दादाने वाढायचा चमचा खाली ठेवला.

"मग किती दिलेस?"

"अकरा."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, हिशेब जुळत नसल्यासारखा.

"आणि ओळखली नसतीस तर?"

मला खोटं बोलायला हवं होतं. निदान त्या दिवशी तरी.

"सोळा," मी म्हणालो.