वीतभर मौन

तपासनिसांनी कापड काचेच्या टेबलावर पसरलं, खालचा दिवा लावला आणि खिशातला खडू काढून कानावर ठेवला. मग दोन्ही तळहात कापडावर टेकवून ते एका टोकाकडून हळूहळू पुढे सरकू लागले. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते.

कापड दोन मीटरचं होतं. उभे धागे राखाडी, आडवे गडद निळे. मुलीसाठी विणलेली शाल. मुलगी उद्या, रविवारी, ती न्यायला येणार होती.

चौतीस वर्षं त्यांनी गिरणीत कापड तपासलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. भाजीवालासुद्धा टोमॅटो पुढे करून म्हणायचा, "या तपासनीस, बघा एखादा डाग सापडतोय का." आणि ते खरंच शोधायचे.

बायको टेलिफोन केंद्रात होती. तीस वर्षं कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांची बोलणी एकमेकांना जोडून दिली. शेवटच्या दिवशी घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आता मला कुणी हॅलो म्हणायला लावू नका." पुढच्याच महिन्यात तिने एक लहानसा जुना हातमाग आणून मागच्या खोलीतल्या खिडकीशी मांडला, आणि एक नेम धरला. रोज सकाळी वीतभर कापड विणून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलीने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "इतकी वर्षं सगळ्यांचं बोलणं ऐकलं. आता दिवसाचा पहिला तास त्याचा." त्याचा म्हणजे कुणाचा, हे तिने फोडून सांगितलं नाही. घरात कुणी विचारलंही नाही.

नेम कधी मोडला नाही. तापात नाही, पाहुणे असताना नाही. एकदा न्हाणीघरातला नळ फुटून पाणी घोट्यापर्यंत चढलं, तेव्हाही ती धावत नवऱ्यासमोर आली ती फक्त हात हलवत. ते लगेच उठले, कारण हातांची ही भाषा त्यांनीच तिला शिकवली होती. गिरणीत दोनशे माग एकदम चालायचे. तिथे ओरडून काही उपयोग नसे, माणसं हातांनी बोलत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी गंमत म्हणून तिला खुणा शिकवल्या आणि ती गंमत आता, म्हातारपणी, कामाला आली. दोन बोटं गालाला टेकवली की चहा. तळहातावर बोटाने आडवी रेघ ओढली की अर्धा. चिमूट उघडली की धागा तुटला. आणि दोन्ही मुठी डोक्यावर नेऊन एकमेकींवर आपटल्या की आग. ही शेवटची खूण त्यांनी चौतीस वर्षांत एकदाच केली होती. दोन मिनिटांत विणाईचं सगळं खातं अंगणात उभं होतं.

म्हणून सकाळी घरात फक्त मागाची खटखट आणि त्यांचा आवाज असायचा. ती हातांनी विचारायची, ते तोंडाने उत्तर द्यायचे.

कापड मात्र पास होत नव्हतं. पहिल्या कापडावर त्यांनी खडूने एक्केचाळीस फुल्या मारल्या होत्या.

"अहो, घरचंच आहे. जरा डोळेझाक करा की."

"डोळेझाक करायला मला ठेवलं नव्हतं," ते म्हणाले होते.

तिला राग आला नाही असं नाही. पण रात्री सगळं आवरल्यावर तिने एकेक फुली बोटाने चाचपून पाहिली आणि एकही खोटी निघाली नाही. कुठे धागा ढिला, कुठे गाठ वर आलेली, कुठे कडा आत ओढलेली. राग गेला आणि त्याच्या जागी असं काही आलं, की दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर मागावर बसली. त्यानंतर, या शालीआधी, दहा कापडं झाली. एक्केचाळिसाच्या सव्वीस झाल्या, सव्विसाच्या अकरा, मग सात, मग तीन. दर वेळी ती उसवायची, पुन्हा विणायची. ते समोर बसून बघायचे, पण कौतुकाचा शब्द नाही. फक्त एकदा तिने त्यांना शेजाऱ्याला सांगताना ऐकलं होतं, "आमच्या गिरणीत असं उसवणारं माणूस मी पाहिलं नाही."

गिरणीतल्या लोकांनी निरोपाच्या दिवशी त्यांना त्यांचाच जुना शिक्का एका डब्यात घालून दिला होता. गोल, लाकडी मुठीचा, मध्ये 'पास'. तो डबा सहा वर्षं कपाटात होता. घरच्या कापडावर तो कधी उठला नव्हता. तिला शाल मुलीच्या हातात द्यायची होती ती तो शिक्का घेऊनच, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता टेबलावर त्यांचे हात एका जागी थांबले. बोटं मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. पण हात पुढे सरकले. दुसऱ्या टोकाला पोहोचले. खडू कानावरच राहिला.

"डबा आण," ते म्हणाले.

"कुठला?"

"शिक्क्याचा."

तिने डबा आणला. शिक्क्यावर त्यांनी तोंडाने वाफ सोडली, शाईच्या गादीवर टेकवला, डाव्या हाताने कापडाचा कोपरा शोधला आणि दाबला. निळी अक्षरं उमटली. जराशी तिरकी उमटली, पण त्या क्षणी ती उलटी उमटली असती तरी तिला सरळच दिसली असती. ती आत गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली.

रविवारी सकाळी मागावर बसण्याआधी तिने शाल घडी घालायला घेतली. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. दोन टोकं धरून तिने कापड उजेडासमोर उभं केलं, आणि चौथ्या वितेत तिला ते दिसलं. दोन उभे धागे विणीतून सुटून बोटभर लांब तसेच वर तरंगत होते. नवशिक्यालाही दिसेल असा दोष. खाली दिवा लावलेल्या काचेवर तर तो खिडकीसारखा उघडा दिसला असणार.

ते आत आले. रोजच्यासारखे खुर्चीत बसले, वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं, उघडलं नाही. गेले काही महिने संध्याकाळी ते तिच्याकडूनच वाचून घेत. "तुझा आवाज चांगला आहे, लोकांनी तीस वर्षं ऐकला, मी कधी ऐकायचा," म्हणाले होते, आणि ती लाजली होती.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग शाल खाली ठेवून त्यांच्यासमोर, चार पावलांवर, उभी राहिली. चिमूट उघडली. धागा तुटला.

"हो, घेईन," ते हसून म्हणाले. "अर्धा कप."

तिचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने दोन्ही मुठी डोक्यावर नेल्या आणि एकमेकींवर आपटल्या. एकदा. आणि पुन्हा.

"साखर बेताची घाल," ते म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली. चहा केला. अर्धा कप भरून आणून त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांचा हात टेबलाच्या कडेकडेने सरकत कपाच्या कानापाशी येऊन थांबला. हे ती रोज पाहत होती. आज दिसलं.

मग ती मागावर बसली. वीत पुरी व्हायची होती. आडवा धागा नेणारा धोटा एकदा हातातून निसटला, दोनदा निसटला. तिने तो उचलला, पुन्हा फेकला. मनातल्या मनात रोज ती जे म्हणायची ते आज म्हणवेना. नुसतं 'सांभाळ' एवढंच आलं, आणि तेवढंच ती दर धाग्याला म्हणत राहिली. वीत झाली. बोलायला मोकळी झाली, तरी तिने आधी शालीची घडी घातली.

दुपारी मुलगी आली. दारातूनच म्हणाली, "आई, फोनवर सांगितलंस ते खरं? बाबांनी शिक्का मारला?"

"बघ की. कोपऱ्यात."

मुलीने शाल खांद्यावर टाकली, शिक्का वर येईल अशी. "मी शाळेत पहिली आले तेव्हा 'ठीक आहे' म्हणाले होते. आणि आईला पास. बाबा, हा पक्षपात आहे."

"तू एकदाच पहिली आलीस," तपासनीस म्हणाले. "तिने अकरा वेळा उसवलं."

मुलगी हसली. तीही हसली. मुलगी बोलत असताना त्यांचा चेहरा आवाजाच्या दिशेला वळायचा, तिच्या डोळ्यांकडे नव्हे. मुलगी उठून खिडकीशी गेली, तेव्हा ते क्षणभर रिकाम्या खुर्चीकडेच बघत राहिले. मुलीच्या ते लक्षात आलं नाही. जाताना ती शाल गळ्यात घालूनच गेली.

मुलीमागे दार लावून ती परत आली आणि त्यांच्याजवळ बसली.

"सकाळी मी काय खूण केली होती?"

"चहाची."

"आगीची."

त्यांनी चष्मा नाकावर सरळ केला. मग म्हणाले, "आणि मी काय म्हणालो?"

"साखर बेताची घाल."

त्यांना हसू आवरेना. तिलाही आवरेना. गिरणी रिकामी करणारा माणूस स्वतःच्या घरात आग लागली तर चहा मागतो, असं काहीसं ते म्हणत होते आणि मध्येच खोकत होते. हसता हसता तिने त्यांचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

"कधीपासून?"

"थंडीपासून. आधी वाटलं, चष्मा पुसायचा राहिला. मग रोजच पुसायचा राहायला लागला. आता तू दारात उभी आहेस एवढं कळतं. हात कळत नाहीत."

"चौथ्या वितेत दोन धागे सुटलेत."

"माहीत आहे. बोटाला लागले."

"मग फुली का नाही मारली?"

"फुली मारली असती तर तू उसवलं असतंस. पुन्हा दहा दिवस." त्यांनी आपला हात उताणा केला, पालथा केला. "शिक्का कुठे मारायचा, तेवढं अजून दिसत होतं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. इतके महिने."

"बोललो असतो तर तू सकाळी बोलायला लागली असतीस."

तिला आधी कळलंच नाही.

"तू हातांनी विचारतेस," ते हळू म्हणाले. "मला हात दिसत नाहीत म्हटल्यावर तोंडाने विचारलं असतंस. नळ फुटला तेव्हा तुझा नेम मोडला नाही. माझ्या डोळ्यांपायी मोडायचा? म्हटलं, अंदाजाने चालतंय तोवर चालू दे. सकाळी तू चहाच विचारतेस बहुतेक."

तिच्या मौनाचा रोजचा तास, जो ती आपला एकटीचा समजत होती, तो कुणीतरी समोर बसून तिच्याबरोबर पाळत होतं. तिच्यापेक्षा कडक पाळत होतं, आणि ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

"बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं," ती शेवटी म्हणाली.

"जाऊ."

"आणि मी सांगितलं तर ऐकायचं."

"ऐकू."

सोमवारी सकाळी ती उठली, तोंड धुतलं, मागावर नवे उभे धागे ताणून ठेवले होते त्यांच्यावरून एकदा हात फिरवला. ते येऊन खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्र आज घेतलं नव्हतं. ती उठून त्यांच्यापाशी गेली, चार पावलांवर न थांबता अगदी जवळ. दोन बोटं उचलली. स्वतःच्या गालाकडे नेता नेता थांबली, आणि त्यांच्या गालावर टेकवली.

चाचपत त्यांनी तिचा दुसरा हात शोधला, तळहात वर केला आणि त्यावर बोटाने सावकाश एक आडवी रेघ ओढली.