काठ कापलेला टोपला

मी एक जुना टोपला आहे. वलगावात खुशालरावांच्या अंगणात, गोठ्याच्या भिंतीला टेकून मी पडलेलो असतो. सध्या माझ्यात गोवऱ्या भरल्या आहेत. येणारा-जाणारा माझ्याकडे बघतो आणि हमखास विचारतो, "याचा काठ असा काहून?" एका बाजूला माझा काठ बाकीच्यापेक्षा उंच आहे, जाड आहे आणि वाकडा आहे. बघणाऱ्याला वाटतं, बुरडानं डोळे मिटून विणला असेल.

मित्रांनो, माझ्या बुरडाला कोणी बोल लावला की माझ्या बांबूच्या कामट्या करकरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदूरजन्याकडच्या एका बुरडानं मला विणलं. कामटी इतकी गुळगुळीत तासली की कापसाचा एक तंतू अडकू नये. काठ सगळीकडे सारखा, गुडघाभर उंच. मला बनवलं होतं कापसासाठी, आणि तेही कोणत्या काळात! साता समुद्रांपलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्वारीच्या वावरातही लोकांनी कापूस लावला. ज्याला त्याला घाई. वेचायची घाई, सरकी काढायची घाई, बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून अमरावती गाठायची घाई. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं सारं वऱ्हाड गुडघ्याला बाशिंग बांधून धावत होतं.

त्या धावपळीत मी मात्र तोऱ्यात होतो. पांढराशुभ्र कापूस भरून मला अंगणात ठेवत आणि लोक वाकून वाकून बघत. माझा थाट फार टिकला नाही, आणि त्याला कारण झाली एक कुत्री.

तिचं नाव काळी. खुशालरावांच्या कापसाच्या ढिगाची राखण ती करी. कापूस महागला तसे कापूसचोरही वाढले होते, पण काळी असताना आमच्या ढिगाला कोणाची हात लावायची टाप नव्हती. पंचक्रोशीत तिचं नाव होतं. त्या थंडीत तिनं रेच्याखाली, म्हणजे सरकी काढायच्या लाकडी यंत्राच्या आडोशाला, तीन पिल्लं दिली. पिल्लांचे डोळे उघडायच्या आत काळी अमरावतीच्या रस्त्यावर बंडीखाली सापडली. बंडीवाला थांबलाही नाही. पुढच्याला मागं टाकायचं होतं ना त्याला.

खुशालरावांची बायको मैनाबाई वावरातून आली, पिल्लांकडे बघितलं आणि तडक माझ्याकडे आली. माझ्यातला सगळा कापूस तिनं ओसरीवर उपडा केला. खाली थोडा डागी कापूस अंथरला आणि ती तीन ओली, आंधळी, कुंईकुंई करणारी पिल्लं माझ्यात ठेवली.

मला जो संताप आला तो काय सांगू! मी कापसाचा टोपला. कुत्र्यांचा संडास होण्यासाठी का बुरडानं माझ्या कामट्या तासल्या? पिल्लं खायची कमी आणि घाण जास्त करायची. मैनाबाई खालचा कापूस बदलायची, पण मला धुवायचं कोणाच्या डोक्यातच येत नसे.

दूध शेजारच्या हलीमाबीकडून येई. तिचा नवरा पिंजारी, आणि दारात दुभती शेळी. हलीमाबी वाटी घेऊन येई, पण लुगड्याचा काठ सावरून लांबच उभी राही. "लाळ लागली तं नमाजाच्या आधी पुन्हा कपडे बदलाव लागते, बाई," असं म्हणे आणि तिथूनच सूचना देई. "दूध जास्त गरम नको. डोकं वर धर त्याचं. नाकात जाईन." मैनाबाई कापसाचा बोळा करी, दुधात बुडवी आणि एकेका पिल्लाच्या तोंडात धरी. कोणी बावळट असला की त्याला आपण विचारतो, बोळ्यानं दूध पितोस का? माझ्यात तर ते रोज चालायचं.

पिल्लांचे डोळे उघडले आणि लोकांची रीघ लागली. काळीची पिल्लं ना! ज्याच्या घरी कापसाचा ढीग, त्याला तिचं पिल्लू हवं. कोणी माझ्यात हात घालून पिल्लाचे पंजे दाबून बघे, कोणी शेपटी उचलून बघे. बाजारात वांगी निवडतात तसं. एक दिवस अंगणात अशीच गर्दी झाली तेव्हा मैनाबाई रेचा थांबवून उठली.

"मागल्या साली काळीच्या पिल्लाईचे डोळे उघडले न उघडले तं नेले तुमी लोकाईनं," ती म्हणाली. "एक बी जगलं नाई. काळी दारोदार हुंगत फिरे. आता तं तीबी नाई राहिली. आता माहं ऐका. या टोपल्याचा काठ जे आपल्या पायानं वलांडीन, अन् नेणाऱ्याच्या हातची भाकर खाईन, तेच पिल्लू या घरातून जाईन. कोणी बी असो."

खुशालराव ओसरीवर बसले होते. चारचौघांत बायकोचा शब्द मोडणं त्यांना बरं दिसलं नाही, म्हणून तेही म्हणाले, "हो, बराबर हाय."

झालं! माझा काठ म्हणजे आता गावाचा कायदा झाला. मला कोणी विचारलं नाही ते नाहीच.

दोन दांडगी पिल्लं होती. ती दिवसभर माझ्या काठाला नखं लावून धडपडायची, पडायची, पुन्हा लागायची. त्यांच्या नखांचे ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत. यथावकाश दोघंही काठावरून बाहेर कोसळली, नेणाऱ्यांच्या हातून भाकरी खाल्ली आणि गेली. उरली बारकी. ही मादी होती, अंगानं मुठीएवढी. बाकीच्यांनी ढकलून ढकलून तिच्या वाट्याला दूधच कमी आलं होतं. ती काठाकडे बघायची आणि माझ्या तळाशी वेटोळं करून झोपायची.

इकडे खुशालरावांची चुळबुळ वाढली. अमरावतीत सूर्यभान नावाचे एक अडते होते, त्यांच्या वखारीपुढे कापसाच्या बंड्यांची रांग लागे. माप व्हायला दिवस दिवस लागत. खुशालरावांनी त्यांना शब्द देऊन ठेवला होता, की काळीचं पिल्लू येत्या खेपेला आणतो, आमची बंडी तेवढी पुढं घ्या. बंडी तर भरून तयार झाली. बारकी काही काठ चढेना.

मैनाबाई वेचणीला वावरात गेलेली. भर दुपार. खुशालराव विळा घेऊन माझ्याजवळ आले. मला वाटलं, अंगणातलं गवत काढायला आले असतील. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या काठाला विळा लावला. कर्र, कर्र. सगळीकडे सारखा असलेला माझा काठ एका जागी पार तळापर्यंत उतरवला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही ही माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी खंत आहे. बारकीला त्यांनी मागून हळूच बोट लावलं, आणि ती त्या खिंडारातून अंगणात घरंगळली.

तेवढ्यात हलीमाबी दुधाची वाटी घेऊन दारात आली. खुशालरावांना साक्षीदारच हवा होता. "पाहा भाभी, काठ वलांडला का नाई पोरीनं? आपल्या पायानं!"

हलीमाबीनं माझ्याकडे बघितलं, मग विळ्याकडे. "पोरगी नाई चढली, खुशालभाऊ," ती म्हणाली. "भिंतच खाली उतरली."

पण खुशालरावांना ऐकायला वेळ कुठं होता? शब्द मोडला नाही, एवढ्यावर त्यांचं समाधान. भाकरीचं काय, तर "तिथं खाईन." बारकीला पुन्हा माझ्यात टाकलं, मला बंडीच्या मागे दोरीनं बांधलं आणि निघाले. रस्ताभर मी हिंदकळत होतो आणि बारकी माझ्या कामट्यांना अंग चिकटवून थरथरत होती. तेव्हा पहिल्यांदा मला घाणीचा राग आला नाही. राग आला तो त्या विळ्याचा.

वखारीपुढे ही बंड्यांची गर्दी, बैलांचे फुत्कार, हमालांचा आरडाओरडा. सूर्यभान बाहेर आले. त्यांनी बारकीला उचलून वखारीच्या खांबाला सुतळीनं बांधलं आणि तिच्यापुढे भाकरीचा तुकडा धरला. तिनं तो हुंगला सुद्धा नाही. तोंड फिरवून ती ओरडत राहिली. सुतळीचा फास तिच्या चिमुकल्या मानेला मोठाच होता. हमाल हसत होते तेवढ्यात तिनं डोकं मागं ओढलं, फासातून सुटली आणि लोकांच्या पायांमधून, बैलांच्या खुरांमधून लटपटत निघाली. मी बंडीशेजारी जमिनीवर ठेवलेला होतो. ज्या खिंडारातून तिला बाहेर लोटलं होतं, त्याच खिंडारातून ती आत आली आणि माझ्या तळाशी वेटोळं करून पडली.

सूर्यभान माझ्याजवळ येऊन वाकले. "खुशालराव, मले वखारीचा राखण्या पायजे," ते म्हणाले. "ही तं तुमच्या टोपल्याची राखण करून राहिली. घेऊन जा हिले. पण एक सांगतो. जे टोपला सोडत नाई, ते उद्या वखार बी सोडणार नाई. मोठी झाली का मीच येतो."

बंडी काही पुढे गेली नाही. खुशालराव रांगेच्या शेवटी जाऊन बसले. दिवस कलला तशी बारकी भुकेनं कळवळू लागली. आधी त्यांनी दुर्लक्ष केलं. मग दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले. मग उठले, कुठून तरी द्रोणभर दूध मागून आणलं आणि बंडीतला विकायचा, निवडक, पांढरा कापूस ओढून त्याचा बोळा वळला. बायांचं काम म्हणून ज्याला ते कधी शिवले नव्हते ते काम त्यांचा तो राकट हात करत होता. बारकी चुटूचुटू दूध ओढत होती. "हळू वं माय," ते पुटपुटले. "नाकात जाईन."

घरी परतलो तेव्हा मैनाबाई दारातच उभी होती. तिला हलीमाबीकडून सगळं कळलंच होतं. ती ओरडली नाही. तिनं बारकीला उचललं, माझ्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काठ कापल्यानं पिल्लू मोठं होत असतं, तं लोकाईनं पाळणे कायले बांधले असते?"

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी कामट्या आणल्या आणि माझा काठ सांधायला बसले. मित्रांनो, ज्याचं काम त्यानंच करावं! कामटी तासली जाडी, वळवली उलटी, आणि अपराधी माणूस जसं सगळंच जास्त करतो तसा काठ बाकीच्यापेक्षा बोटभर उंच करून ठेवला. मला कोणी बुरडाकडे नेलं नाही. ते शिंग घेऊन मी आजवर मिरवतो आहे.

"काठ तुमी वाढवला," मैनाबाई म्हणाली. "आता वाट बी तुमीच पाहा."

ते खरोखर वाट पाहू लागले. बोळा तेच करू लागले. पुढे दुधात भाकरी कुस्करून तेच भरवू लागले. बारकी गुबगुबीत झाली, माझ्या कामट्या चावू लागली. आणि एका सकाळी ती माझ्या काठावरून, तेही त्या उंच बाजूनं, टुणकन बाहेर आली. अंगणात खुशालराव एकटेच होते. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, अगदी विळा हातात घेतला होता तसंच, आणि तिला गुपचूप उचलून परत माझ्यात ठेवलं.

ती पुन्हा बाहेर आली. त्यांनी पुन्हा आत ठेवलं. कोणी विचारलं की सांगत, "नाई अजून. लहान हाय." माझ्या जिवाची काय तगमग झाली म्हणून सांगू! जो माणूस लवकर न्यायचं म्हणून माझा काठ कापतो, तोच आता न्यायला नको म्हणून खोटं बोलतो, आणि दोन्ही वेळा मध्ये मीच.

सूर्यभान एक दिवस गावोगावचा कापूस बघत बघत वलगावला आले. उपरण्यात भाकरी बांधून आणली होती, आणि या खेपेला त्यांनी घाई केली नाही. अंगणात मांडी घालून बसले. बारकी कोणी न सांगता माझ्या काठावरून उतरली, त्यांच्याजवळ गेली, हात हुंगला आणि भाकरीचा तुकडा खाल्ला. दुसराही खाल्ला. मैनाबाईनं खुशालरावांकडे बघितलं. हलीमाबी दारातून बघत होती.

खुशालरावांनी स्वतः बारकीला उचलून सूर्यभानांच्या मांडीवर ठेवलं. "थंडीत खाली कापूस टाका," एवढंच म्हणाले. सूर्यभानांची बंडी वळणाआड गेली तरी खुशालराव माझ्याशेजारीच बसून होते, माझ्या वाकड्या काठावर हात ठेवून.

"अजून उंच कराले पायजे होता," ते म्हणाले.

"केला असता तरी चढलीच असती ती," मैनाबाई म्हणाली आणि रेच्याकडे गेली.

पुढे ती दूरची लढाई संपली, कापसाचे सोन्याचे दिवस गेले, आणि कापसासाठी मला कोणी हात लावेना. पण गावात कुठं पोरकी पिल्लं सापडली की मला मात्र हमखास ओढून काढतात. तेव्हा सगळ्यांना मी आठवतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या पदरी कधी एखादं पिल्लू आलं, तर एवढं करा. त्याला दूध द्या, ऊब द्या, आणि ज्या टोपल्यात ठेवाल त्याच्या काठाला हात लावू नका. लवकर जावं म्हणून कापू नका आणि जाऊच नये म्हणून वाढवू नका. ते आपल्या पायानं बाहेर येईल तेव्हा डोळे पुसा आणि जाऊ द्या.

आणि ते गेल्यावर, त्या टोपल्याला एकदा तरी धुऊन उन्हात ठेवा. मला अजून कोणी धुतलेलं नाही.